बाळारामचा उलटा हात

भिवंडीजवळच्या राहनाळचा बाळाराम पाटील कुठल्याही नळाला आधी उलट्या हाताने शिवायचा. बोटांची मागची बाजू तोटीला जेमतेम टेकवायची, मग कामाला लागायचं. लोकांना वाटे, नमस्काराची काहीतरी पद्धत असेल. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "सुलट्या हाताने धरलं आणि नळात करंट असला, तर मूठ आवळते. सुटत न्हाय. उलटा हात आपोआप मागं येतो."

नळवाला माणूस, पण वायरीचं कामही बघून बघून शिकलेला. खांद्यावर पाना, खिशात टेस्टर, तोंडात शिवी. नम्रपणा त्याला माहीत नव्हता, आणि मला तो त्यामुळेच आवडायचा. भिवंडीत त्या काळी दोन्ही कामं एकाच माणसाला यावीच लागत. कारण आमच्याकडे अर्थिंग म्हणजे नळाची पाइप! घरात पंखा आला, मोटार आली, की तिची अर्थिंगची वायर सरळ नळाला गुंडाळायची. लोखंडी पाइप जमिनीत जाते, करंटही जमिनीत जाईल, झालं काम. सगळं गाव असंच चालायचं, आणि चालायचं म्हणून कुणी विचारायचं नाही.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. नारपोलीच्या एका चाळीत नळाला शॉक बसायला लागला. सगळ्या खोल्यांना भिंतीवरून एकच पाइप, प्रत्येक दाराशी तोटी. पहिल्यांदा नुसत्या मुंग्या येत. मग चांगदेव भोईरांची सून मैना ओल्या पायांनी पाणी भरायला गेली आणि हंड्यासकट मागे आपटली. डोक्याला खोक पडली, टाके घालावे लागले. चाळीने त्याच दिवशी निकाल लावला, की हे चंद्राच्या मोटारीचं काम.

चंद्रा टोकाच्या खोलीत राहायची. नवऱ्याची कापडाच्या लूमवरची नोकरी सुटल्यावर तिने इडलीचं पीठ वाटायचं मोटारवालं यंत्र घेतलं होतं. लूम कामगारांच्या खानावळींना पीठ द्यायची. यंत्र आलं त्याच महिन्यात शॉक सुरू झाला, मग दुसरं कोण असणार? येत्या रविवारी तिची वायर मीटरपासून कापायची, असं बैठकीत ठरलं. मैनाच्या टाक्यांपुढे कुणाचं तोंड उघडेना. वायर कापली की चंद्राची चूल बंद, हे सगळ्यांना माहीत होतं.

चाळीची अडलेली कामं मीच बघायचो, म्हणून चंद्रा माझ्याकडे आली. मी दोन कार्यालयांत जाऊन भांडून आलो. पाणीवाले म्हणाले, करंट आमचा नाही. वीजवाले म्हणाले, नळ आमचा नाही. मग मी सायकल काढली आणि राहनाळहून बाळारामला उचलून आणलं.

रविवारी सकाळी चाळ अंगणात जमलेली. चांगदेव पक्कड घेऊनच उभे. बाळारामने उलटा हात तोटीला लावला, झटकला आणि एक शिवी घातली. मग तोटीला टेस्टर लावून धरला आणि चंद्राला म्हणाला, "चंद्राबाय, तुझा मेन स्विच पाड."

तिने पाडला. टेस्टर पेटलेलाच.

मग त्याने एकेका खोलीचा मेन पाडायला आणि परत चढवायला लावला. टेस्टर ढिम्म, विझेना. चांगदेवांचा पाडला आणि टेस्टर विझला. चढवला, पेटला. आत जाऊन पाहिलं तर त्यांच्या फ्रिजची अर्थिंगची वायर नळाला गुंडाळलेली, आणि फ्रिजच्या पत्र्यालाच करंट.

चाळीने लगेच तोंड फिरवलं. काल चंद्राच्या नावाने बोटं मोडणारे आता चांगदेवांवर तुटून पडले. चांगदेव माझ्या मनात कधीच भरले नव्हते, मीही चार शब्द हाणले. पण त्यांनी एक सवाल टाकला.

"फ्रिज गेल्या दिवाळीपासून हाय. तवा का न्हाय बसला शॉक?"

बाळाराम पाइपच्या मागे मागे चालत गटारापाशी गेला, जिथे ती जमिनीत शिरते. तिथे बसला. बराच वेळ उठेना. मी जवळ गेलो. गंजलेल्या लोखंडी पाइपच्या मध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकचा हातभर तुकडा बसवलेला.

माझ्या लक्षात आलं, कारण शॉक सुरू व्हायच्या जरा आधी ते गळतीचं काम त्यालाच मी दिलं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तो उठला आणि अंगणाच्या मधोमध येऊन म्हणाला, "चांगदेवशेटला सोडा. त्याच्या फ्रिजचा करंट आजवर पाइपमधून जमिनीत जात हुता, कुणाला कळत नव्हतं. मीच मधी प्लॅस्टिक घातला. करंटची वाट मी तोडली. मैनाबाय, तुझी खोक माझी हाय."

मी भिवंडीत सभा पुष्कळ ऐकल्या. ज्याला कुणी पकडलं नव्हतं, त्याने भर गर्दीत असं बोललेलं दुसऱ्यांदा ऐकलं नाही. चांगदेवांनी पक्कड गुपचूप लेंग्याच्या खिशात सरकवली.

मग बाळारामने हुकूम सोडायला सुरुवात केली. फ्रिज दुरुस्त होईपर्यंत बंद. पाइपला बांधलेल्या सगळ्यांच्या वायरी सोडवल्या. गटारापासून लांब खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी करून, करंट जमिनीत नीट उतरावा म्हणून मीठ आणि कोळसा भरला, पाणी ओतलं आणि अख्ख्या चाळीची अर्थिंग तिथे आणून जोडली. चांगदेवांना मीठ आणायला दुकानात पिटाळलं. ते गेले.

संध्याकाळ होत आली होती. सगळं जोडून झालं तरी चंद्रा यंत्राचं बटण दाबेना. कुणाला काही झालं तर आता माझाच जीव घेतील, म्हणाली. बायाही तोटीपासून लांबच.

बाळारामने टेस्टर लावून पाहिला, उलटा हात लावून पाहिला. मग चपला काढल्या, पाय धुतले आणि ओल्या जमिनीवर उभा राहिला. तोटी सुलट्या हाताने धरली. पक्की मूठ आवळून.

"आता चालू कर, चंद्राबाय."

आतून यंत्राची घरघर सुरू झाली. बाळाराम मूठ तशीच ठेवून उभा होता. डोक्याला पट्टी बांधलेली मैना हंडा घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "बाजूला व्हा आता, भाऊ. पाणी जाईल."