तांदळाच्या नेवऱ्यांचं ओझं

माझ्या पोटाचं दुखणं गव्हामुळे आहे, असं म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई चक्क हसली. कित्येक वर्षं जेवलं की माझं पोट फुगायचं, कळा यायच्या, अंगावर मांस म्हणून धरत नव्हतं. औषधं गिळून गिळून मी काटकी झाले होते. डॉक्टर म्हणाले, गहू, रवा, मैदा, पाव, बिस्किट हे जन्मभर बंद, बाकी काय वाटेल ते खा.

"इतलेंच?" आई म्हणाली. "आमी भातखाऊ लोक, डॉक्टर. गंव आमगेर पावण्यासारको येता."

पाहुणा कसला, तो घरजावई निघाला! पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की पाव, चहाबरोबर बिस्किट, पूजेला शिरा, गणपतीच्या चवथीला नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या. आणि कहर म्हणजे पोट बिघडलं की 'हलकं खा' म्हणून मला टोस्ट मिळायचे. दुखणं वाढवणारी वस्तू मी इतकी वर्षं पथ्य म्हणून खात होते. आईने कपाळावर हात मारला आणि टोस्टचा डबा गोठ्यात नेऊन रिकामा केला. म्हशीला मात्र ते छान सोसले.

मग सकाळी नाचण्याचं पातळ, गोड तिझन, दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला खारातली कैरी, रात्री तांदळाची भाकरी. त्या पेजेसारखं सुख मी दुसरं पाहिलं नाही. हळूहळू माझे गाल भरले, पोलकी दंडात रुतायला लागली आणि आमच्या कारापूरच्या बायका आईला विचारू लागल्या, "कसलें टॉनिक दितां गो?"

गोवा राज्य झालं त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी धारगळला आले. हिला गहू चालत नाही, हे बाबांनी आधीच सांगितलं होतं. "तांदूळ सोडून आणि कितें खातां आमी?" असं म्हणून सासरे मोकळे झाले. भाषावादात ते मराठीच्या बाजूने हिरिरीने भांडत, आणि भांडण फार रंगलं की कोकणीत भांडत. माणूस दिलदार होता. सासूबाईही मायाळू. त्यांनी पथ्य ऐकलं, समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला चपाती वाढायची बंद केली. चपातीऐवजी उपमा वाढू लागल्या.

रवा गव्हाचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. रवा दुकानातून यायचा, पांढरा असायचा, म्हणजे तो रवा. मी दबकत काही बोलू गेले की म्हणायच्या, "खा गो बाय, चपाती न्हय ती." नव्या सुनेने किती तोंड उघडायचं? मी खायचे आणि आडवी व्हायचे. मग त्या लगबगीने टोस्ट आणायच्या. पेज मागावी म्हटलं तर ती शेतात राबणाऱ्या माणसांची. घरात नव्या सुनेला पेज वाढतात असं कळलं असतं तर वाड्यावरच्या शेजारपाजारच्या बायकांनी सासूबाईंना सोलून काढलं असतं.

श्रावणात पुन्हा काटकी होऊन माहेरी गेले तेव्हा आईने मला नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाबा म्हणाले, चवथ झाली की हिला काही दिवस घरी आणू. त्या काळी 'काही दिवस' म्हणजे मुलगी सासर सोडून आली, हे सगळ्या गावाला कळायचं. मला असं माहेरी परतायचं नव्हतं. मला नवरा आवडला होता, सासूबाईही आवडल्या होत्या. फक्त त्यांचा उपमा सोसत नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी ओझं जातं. नेवऱ्या, लाडू, नारळ, फळं असं सगळं भरून न्यायचं आणि सासूने ते वाड्यावर घरोघर वाटायचं. माहेरची अब्रू त्या टोपलीत असते. माझं ओझं घेऊन मोठा दादा दोन बस बदलून आला, आणि मला घरी आणण्याचा बाबांचा निरोपही घेऊन आला. बायका जमल्या. सासूबाईंनी हळद-कुंकू लावून टोपलीवरचं फडकं काढलं.

आत वर नारळ होते आणि खाली भुगा होता. नेवरी म्हणावी अशी एक नव्हती. दादाने जागा वाचवायला नारळ नेवऱ्यांवर रचले होते! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एक बाई पदराआड हसली.

"तांदळाच्यो हां त्यो," दादा आईची बाजू सावरत ओशाळून म्हणाला. "आवयन उकड काडून केल्यो. टोपलेंत गंव कणभर ना. हिका आपल्या ओझ्यातलें खावंक मेळचें म्हणून."

मला रडूच कोसळलं. इतकी ओझी पाहिली, वाटली, पण पथ्य लागल्यापासून त्यातली एक नेवरीही स्वतः खाल्ली नव्हती.

सासूबाईंनी चिमूटभर भुगा तोंडात टाकला. "रवोय ना हांतूंत?"

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोलले. "रवो म्हणल्यार गंवच, मांय."

त्यांनी टोपलीवरचा हात मागे घेतला. "आणि टोस्ट?"

"तेय गंव."

"म्हणजे इतले दीस हांव तुका वीख वाडटालीं मगो?" त्या मटकन खाली बसल्या. आधी डोळ्यांना पदर लावला, मग हसायलाच लागल्या, आणि त्यांच्यामागून सगळ्या बायका. सासऱ्यांनी ओटीवरून काय झालं म्हणून विचारलं तर कोणाला सांगता येईना.

मग उठून त्यांनी हळदीच्या पानांवर पळीपळी भुगा घातला आणि ताठ मानेने घरोघर वाटला. "कारापूरची तऱ्हा," असं सांगत होत्या. मी स्वयंपाकघरात बसून मूठमूठ खाल्ला. खोबरं, तीळ, साखर आणि तळलेली कुरकुरीत तांदळाची पारी. पोट गप्प होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारणी बसलेल्या असतानाच सासूबाईंनी मला पेजेचं ताट आणून दिलं आणि स्वतःचंही घेतलं. बघायचं त्यांनी बघितलं. दादा निघायची तयारी करत होता. बाबांचा निरोप कसा काढावा ते त्याला कळेना, नुसताच दारात घुटमळत होता. सासूबाईंना तो न सांगताच कळला असावा. पेज ओरपता ओरपता त्यांनी मान वर केली.

"तुज्या आवयक सांग," त्या म्हणाल्या, "तुमचें चेडूं हांगा पोटभर जेवता म्हणून."