अण्णांची शेगडी आणि माझा ओठ

मंडळी, सकाळी ग्रुपवर माझ्या जुन्या बिडाच्या शेगडीचा फोटो टाकला, तो लई महागात पडला.

ही शेगडी मी उमरग्याच्या भंगारवाल्याकडनं आणलेली. आज कोंबडी भाजायला पेटवली, तर फोटो बघून दोन भाऊ आपापल्या गाडीवर दारात हजर! दोघांचं एकच, "आमच्या अण्णांच्या ढाब्यावरची हाय. मला द्या."

थोरला म्हणाला, "तूच भंगारात घातलीस." धाकट्यानं सळई उचलून त्याच्या कपाळात हाणली. थोरल्यानं त्याचा गळा धरून त्याला भिंतीवर आपटलं. फरशीवर नुसतं रक्त.

मी घाबरून त्यांच्यावर बादलीभर पाणी फेकलं. ते पडलं तापल्या शेगडीवर! गरम बिडाला पाणी लावू नका, हे ग्रुपवर मीच दहादा सांगितलंय. काडकन दोन तुकडे झाले.

दोघं थांबले. थोरला रक्त पुसत माझ्याकडं वळला, "अण्णांची शेगडी फोडलीस व्हय रं?"

मग दोघांनी मिळून मला तुडवलं. ओठाला चार टाके हायत.

जाताना मात्र दोघं एकाच गाडीवर बसून गेले. दुसरी अजून माझ्या दारात उभी हाय. ती न्यायला दोघं आले, तर दार उघडू का नको?