वेलवांग्यातली अंडी

पेशवाईची ती शेवटची दिवाळी, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! मी सणाला माहेरी पुण्यात आले होते. वडील पेशव्यांच्या पागेत बारगीर आणि थोरला भाऊ संगमावर इंग्रज वकिलाच्या बंगल्यात माळी. लढाईच्या वावड्या रोज उठत होत्या. त्यामुळे बापलेकाचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं.

आईने त्यावर चुलीचा उपाय काढला. दुसरा तिला येत तरी कुठे होता? भावाने साहेबाच्या बागेतली वेलवांगी उपरण्यात बांधून आणली होती. लालभडक, आंबट, रसाळ फळ; साहेब त्याला टोमॅटो म्हणे. पेठेत निम्मे लोक त्याला विष म्हणत. आईने परसातल्या चुलीवर ती भाजली, साल काढून लसूण आणि तांबड्या मिरच्यांबरोबर वाटली. हिरव्या मिरच्या चिरून तेलात परतल्या. रस्सा रटरटायला लागल्यावर त्यात घरच्या कोंबडीची अंडी फोडून सोडली आणि तवलीवर झाकण ठेवलं. ठसक्याने आमचे डोळे वाहत होते, तरी आई खुशीत होती. आज दोघं एका पंगतीला बसतील, असं तिने मनाशी धरलं होतं.

वडील दिवेलागणीला आले, पाय धुऊन पाटावर बसले आणि ताटाकडे बघून थांबले.

"हे कुठलं?"

"त्यानं आणलंय बागेतनं," आई म्हणाली.

"टोपीवाल्याच्या बागेतलं माझ्या ताटात? मला न्हाई जेवायचं."

ते उठून ओट्यावर जाऊन बसले. घरधन्याने ताट सोडलं की कुणी घास घ्यायचा नाही, अशी आमची रीत. आमच्या घरी राग पुरुषांनी करायचा आणि उपास सगळ्यांनी. भाऊ तसाच बसून राहिला. भाकरी गार झाली. शेवटी आई त्याला हळूच म्हणाली, "आजची रात तू बंगल्यावर जा. यांचा राग निवू दे. उद्या ये, दोघं बरोबर बसा."

त्याने वहाणा घातल्या आणि तो उपाशीच गेला.

दुसऱ्या दिवशी खडकीकडून तोफा ऐकू आल्या. संगमावर धुराचा लोट उठला. वकील आपली माणसं घेऊन नदीपार निसटला होता आणि बंगला आमच्याच लोकांनी पेटवला होता. नोकरांपैकी कोण गेलं, कोण राहिलं, कुणाला सांगता येईना. वडील लढाईवरून परतले ते लंगडत्या घोड्यानिशी. आईने एवढंच विचारलं, "तो दिसला का?"

नव्हता दिसला. मग वडील त्याला शोधत संगमावर गेले, येरवड्याच्या काठाने हिंडले. वाड्यावरचं निशाण बदलल्यावर इंग्रजांच्या छावणीच्या दाराशी पागोटं हातात घेऊन उभे राहिले. आमचा बाप कुणापुढे कधी वाकला नव्हता. "गेला असेल पलटणीबरोबर," असं कुणीतरी म्हणालं, तेवढ्यावर आम्ही कितीतरी दिवाळ्या काढल्या. ती तवली मी परसात खड्डा करून रिकामी केली होती. आईला ते करवलं नाही.

बारा वर्षं उलटल्यावर भटजी म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायला हवी. मी त्यासाठी माहेरी आले होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. वडील खूप थकले होते. ते एकदम म्हणाले, "त्या सांजेला तू त्याला जा म्हणाली नसतीस, तर..."

आईने मान वर केली नाही. "अवं, तुम्ही दोन घास खाल्लं असतं, तर मी कशाला जा म्हणलं असतं?"

 इतकी वर्षं दोघांनी हे गिळून ठेवलं होतं. आता वडील भडकणार, असं वाटलं. पण त्यांनी तोंड अंगणाकडे वळवलं.

"मला लई भूक लागली हुती गं त्या दिवशी," ते म्हणाले. "वास बी चांगला येत हुता."

आईने सूप खाली ठेवलं आणि ती मोठ्याने रडायला लागली.