एका गुच्छात तीन

आमच्या घराच्या मागच्या कुंपणापलीकडे सफरचंदाची बाग आहे. घर घेताना मी तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. आयर्लंडमधल्या क्लॉनमेलजवळच्या कारखान्यात जायला गाडीने किती वेळ लागेल, एवढंच मला बघायचं होतं. त्या कारखान्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या बनतात आणि सदोष नळ्या शोधून बाजूला काढणं हे माझं काम. म्हणजे थोडक्यात, दिवसभर नकार देणं. घरीही मी फारशी वेगळी वागत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

आई गेली त्याच्या पुढच्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे आले. त्यांची निफाडजवळ द्राक्षबाग होती. म्हणजे आहे, पण आई गेल्यावर त्यांनी ती चुलतभावाला वाट्याने कसायला दिली आणि नंतर एकदाही तिकडे फिरकले नाहीत. फोनवर ‘बरंय’ आणि ‘जेवलो’ याच्यापुढे गाडी सरकत नसे. या माणसाला सकाळी उठायला काही कारणच उरलं नाही, याची मला भीती वाटायची. आणि ते कारण मी आयर्लंडमधून कुठून पाठवणार?

इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या प्रेसच्या बिजागऱ्या घट्ट केल्या. कपाटाला आम्ही आता प्रेसच म्हणतो. इथे सगळेच म्हणतात. मग फाटकाला तेल घातलं. मग ते तेल जास्त झालं म्हणून पुसलं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसा प्रकार. त्यांच्या बॅगेत जुन्या सुती कापडात गुंडाळलेली विरळणीची कात्री निघाली. द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी कापायची, लांब टोकाची.

“ही इथे कशाला आणली?” मी विचारलं.

“असू दे. हाताला सवय आहे.”

बागेचा मालक सत्तरीच्या आसपासचा, एकटाच राबणारा. बाबा मागच्या खिडकीत उभे राहून त्याला बघत बसायचे. “हा माणूस काय करू राहिला?” असं विचारायचे, आणि मला माहीत नसे. शेवटी एका शनिवारी मी दोघांची कुंपणापाशी गाठ घालून दिली आणि मध्ये दुभाषी म्हणून उभी राहिले.

फळ वाटाण्याहून जरा मोठं असताना मालकाने विरळणीचं औषध फवारलं होतं. त्याने झाडावरची निम्मीअधिक फळं आपोआप गळायला हवी होती. पण तो आठवडा थंडीचा निघाला आणि औषध लागूच पडलं नाही. आता प्रत्येक गुच्छात चार-चार, पाच-पाच फळं गर्दी करून बसली होती, आणि ती हाताने तोडायची म्हणजे महिनाभराचं काम.

बाबांनी लगेच विचारलं, “जीए नाही मारत?”

जीए म्हणजे जिब्रेलिक ॲसिड. नाशिककडे हा शब्द भाकरीइतका घरगुती आहे. त्याने द्राक्षाचा घड लांबतो, मोकळा होतो, मण्याची फुगवण होते. आमच्या बागेत डिपिंगचं काम आईकडे असायचं. हातात जीएच्या पाण्याचा मग घेऊन ती ओळीने पुढे जायची आणि एकेक घड त्या पाण्यात बुडवून सोडायची. तिच्यामागे बायांची रांग. आईची ओळ कुठली, हे माल निघाल्यावर घडांवरून ओळखू यायचं, असं बाबा म्हणायचे. ती हयात असताना कधी म्हणाले नाहीत, ते सोडा.

मालकाने मान हलवली. सफरचंदाला तसलं काही मारलं तर पुढच्या वर्षी फूल दिसणार नाही, असं तो म्हणाला. बाबांनी ते ऐकून घेतलं, पटल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. पण सोमवारी मी कामावरून आले तर खिडकी रिकामी होती. मालकाने आमच्या कुंपणाला लागून असलेली शेवटची ओळ त्यांच्या हवाली केली होती.

पुढचा महिना बाबा सकाळी चहा घेऊन जायचे आणि जेवायला हाक मारली की यायचे. दोघांना एकमेकांची भाषा अजिबात येत नव्हती आणि त्यामुळे, मला वाटतं, दोघांचं उत्तम जमलं. रात्री जेवताना बाबा बोलायला लागले. झाडाच्या सालीबद्दल, मातीबद्दल, मालकाच्या फाटक्या बुटांबद्दल. मालकाला ते ‘युअर मॅन’ म्हणायला लागले. इथे ‘तो माणूस’ म्हणायचं तर असंच म्हणतात; माझ्या नवऱ्याच्या तोंडून उचललेला शब्द. जूनभर पाऊस भुरभुरत होता आणि मी खूश होते.

त्यांची ओळ मी पाहिली होती. मला ती देखणी वाटली. मालक बोटांनी फळं मोडायचा आणि मागे ओरबाडल्यासारखी झाडं सोडायचा. एका गुच्छात एकच फळ, काही गुच्छांत तेही नाही. बाबांनी मात्र प्रत्येक गुच्छाला घडासारखं वागवलं होतं. मधली गर्दी कात्रीने अलगद काढून तीन फळं, एकमेकांना न टेकणारी, अशी मोकळी ठेवलेली. एकही गुच्छ वाया गेलेला नव्हता. मालक येऊन ओळीच्या टोकाशी उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ग्रँड.” बाबांना हा शब्द कळला. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

व्हिसा तीन महिन्यांचाच. ऑगस्टमध्ये डब्लिनच्या विमानतळावर बाबा म्हणाले, “आता परत काही येत नाही मी. युअर मॅनला सांग, बाग चांगली आहे त्याची. पण काम संपलं. पाहुणा म्हणून बसायचं वय नाही माझं.” कात्री ते प्रेसमध्येच ठेवून गेले होते. विसरले नव्हते, कापडात नीट गुंडाळलेली होती. मला रडू आलं आणि पार्किंगचं तिकीट सापडेना.

त्यांच्या ओळीतली फळं बारकी राहिली. मालकाने ती सगळी रसाला घातली आणि माझ्याकडे चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती घरातली थोरली सून आहे. फोनवर बाबा पुन्हा ‘बरंय’ आणि ‘जेवलो’वर आले.

पुढच्या मेच्या सुरुवातीला बाग फुलली. सगळी पांढरी-गुलाबी, शेवटची ओळ सोडून. ती नुसती हिरवी. मी मालकाला गाठलं तेव्हा कुठे, आढेवेढे घेत, त्याने सांगितलं. सफरचंदाच्या बियांत जीए तयार होतो. झाडावर फळं वाढत असतात त्याच आठवड्यांत पुढच्या वर्षीच्या कळ्याही धरायच्या असतात. फळं फार राहिली, की त्यांच्या बिया कळ्यांना धरूच देत नाहीत.

त्या रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. “बाग फुलली असंल ना आता? माझी ओळ दाखव.”

शेजारची ओळ दाखवावी, असं क्षणभर मनात आलं. पण खोटा माल पास करणं मला जमत नाही. मी कुंपणापाशी जाऊन फोन शेवटच्या ओळीसमोर धरला.

बाबा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “घड जिरले.” घड यायच्या जागी नुसता पाला आला, की द्राक्षवाले असं म्हणतात.

मालकाने सांगितलेलं मी त्यांना सगळं सांगितलं. बियांचंही सांगितलं.

“आमच्या द्राक्षात बी नसते,” बाबा म्हणाले. “म्हणून तर जीए वरून द्यावा लागतो. आणि माल निघून गेल्यावर आपली काडी तयार होते, पुढचे घड तिच्यात धरतात ते तेव्हा. तिथं दोन्ही एकदमच का?” मग ते हसायला लागले. “म्हणजे मी जीए मारलाच की! मारू नको म्हणत होता बिचारा, मी गुच्छाला तीन-तीन फळं ठेवून झाडाला पाजला. आणि वर ग्रँड म्हणाला!”

आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

“पुढच्या साली काय होतं या ओळीचं?” हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

“वर्षभर विश्रांती मिळाली की दाबून फुलते म्हणे. फांद्या दिसणार नाहीत इतकी.”

“मग फळंही तशीच लागणार.”

“हो.”

“आणि ती गुच्छाला एकेक करायला त्याच्याकडं माणूस कुठंय?” मागे निफाडच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला. “कात्री प्रेसमधेच आहे ना?”

“आहे.”

“तेल लावून ठेव. तिथल्या हवेत गंजंल पुढच्या सालापर्यंत.”