हॅलोमावशीचा राजीनामा

माझ्या आईच्या थोरल्या बहिणीला आम्ही भाचरं हॅलोमावशी म्हणायचो, आणि आमचं ऐकून हळूहळू सगळी गल्लीच म्हणायला लागली. एका मोठ्या काच कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ती तेवीस वर्षं बसली. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी तिच्या कानाशी यायचा, मग ती तो ज्याचा त्याला जोडून द्यायची. खोली एवढीशी, खिडकी नाही, पंखा एका बाजूला कलता. पण मावशी तिथे अशा थाटात बसायची की कारखाना तिच्याच जिवावर चाललाय.

तिचे आवाज दोन होते. घरात काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हाक मारली की समोरच्या घरातलं कुत्रं दचकून उठायचं. बोर्डावर मात्र लोण्यासारखा मऊ. एक पुरवठादार तीन वर्षं तिला पंचविशीतली समजत होता. मावशीने त्याचा गैरसमज दूर केला नाही. "त्याने वय विचारलंच नाही, मग मी कशाला सांगू?" असा तिचा सरळ हिशेब.

मग कारखान्यात फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं. कामगार खात्याच्या साहेबांनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, दोन बिस्किटंही दिली. तेवीस वर्षांत जो माणूस "हं, जोडा" याच्या पुढे कधी बोलला नव्हता, तो बिस्किटं पुढे करतोय म्हटल्यावर मावशीला काय ते कळलं.

"बाई, तुमची जागा बंद होतेय," साहेब म्हणाले. "पण काढून टाकलं म्हणण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा दिलात तर तुमच्या नावाला शोभून दिसेल. वैयक्तिक कारणास्तव, एवढंच लिहायचं."

नावाला शोभून दिसणं ही मावशीची दुखरी नस. तिने झोकदार सही ठोकली. निरोपाला फुलांचा गुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते काखोटीला मारून ती गल्लीत शिरली आणि पहिल्याच दारात थांबून तिने जाहीर केलं, "सोडली हो नोकरी! कंटाळा आला. किती वर्षं लोकांचे फोन जोडायचे?"

त्या आठवड्यात ही गोष्ट तिने इतक्या जणांना सांगितली, की शेवटी शेवटी तिचा स्वतःचाही विश्वास बसला असावा.

कंटाळा आलेली बाई मग सात महिने नोकरी शोधत फिरली. दवाखान्यात गेली, दोन हॉटेलांत गेली, एका शाळेतही जाऊन आली. सगळीकडे ते मेलं यंत्र तिच्या आधी पोचलेलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय येतं, असं विचारलं की ती म्हणायची, "माणसं ओळखता येतात." त्या कामाला कुठे जागा रिकामी नव्हती.

सार्वजनिक वाचनालयाच्या फलकावर एक दिवस तिने जाहिरात वाचली. सरकारी खर्चाने प्रौढांना कामाचं शिक्षण. तिने नणंदेला सोबत घेतलं. ही काकांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिला जगातल्या सगळ्या विषयांतलं कळतं आणि एखाद्यातलं कळत नसेल तर ती तो विषयच निघू देत नाही.

केंद्रात खिडकीमागे एक समुपदेशक बाई होती. तिशीची, सर्दीने नाक लाल झालेली, पण बोलायला गोड. तिने फॉर्म पुढे ओढला.

"वय अठराच्या वर?"

"दिसत नाही का?" नणंद म्हणाली.

"राहणं इथलंच? ओळखपत्र? छान. आता हे महत्त्वाचं आहे. ही योजना ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी आहे. तुम्हाला कामावरून कमी केलं, की तुम्ही स्वतः सोडलीत?"

मावशीने एकदा समुपदेशकबाईकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे. नणंदेचे कान टवकारलेले.

"छे! मला कोण कमी करतंय?" मावशी इतक्या जोरात म्हणाली की रांगेतले सगळे वळून बघू लागले. "मी स्वतः सोडली!"

समुपदेशकबाईने पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही यात बसत नाही हो. स्वखुशीने सोडली असेल तर शिक्षणाचा खर्च देता येत नाही."

"नाही तर नाही," असं म्हणत मावशी ताठ मानेने बाहेर पडली. नणंद वाटभर सरकारला नावं ठेवत होती. मावशी गप्प. मावशी गप्प असणं ही आमच्या घराण्यात काळजीची गोष्ट मानली जाते.

दुसऱ्या दिवशी केंद्राचं दार उघडायच्या आधी ती एकटीच पायरीवर उभी होती.

"काल मी जरा वेगळं बोलले," तिने समुपदेशकबाईला सांगितलं. "म्हणजे खोटं बोलले. काढलं मला. माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला."

"मला वाटलंच होतं," ती शिंकत म्हणाली. "स्वखुशीने सोडलेली माणसं इतकं ओरडून सांगत नाहीत. पण तुमच्या तोंडी सांगण्यावर मला फॉर्म भरता येणार नाही. पद बंद झालं म्हणून गेलात, असं कारखान्याचं पत्र आणा."

म्हणजे झालं काय, की आपल्याला काढलं नाही हे सात महिने गावाला पटवणाऱ्या बाईला आता आपल्याला काढलंच होतं याचा लेखी पुरावा मिळवायचा होता.

तिने आधी कारखान्याला फोन केला. यंत्राने उचलला. विक्री विभागासाठी एक दाबा, हिशेब विभागासाठी दोन दाबा. मावशीने त्याला सुनावलं, "अरे, कामगार खात्याचा नंबर कुणी सांगायचा?" यंत्राने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्या खेपेला तिने फोन ठेवला आणि पायांत चपला घातल्या.

साहेब तिला बघून जरा कसनुसे झाले. "पण बाई, सही तर तुमचीच आहे."

"सही माझी आहे. मजकूर तुमचा आहे. माझ्या जागी आज कोण बसतं ते दाखवा, मी आल्या पावली परत जाते."

"आता असं मागाहून पत्र देणं म्हणजे वरच्यांना विचारावं लागेल..."

"विचारा की. मी बसते." मावशी ऐसपैस बसली. आणि मग, तिच्या म्हणण्याप्रमाणे अगदी सहज, बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाली, "साहेब, तेवीस वर्षं तुमचे सगळे फोन मी जोडले. पण शपथेवर सांगते, एकाही फोनचा एक शब्द मी कधी कुठे बोलले नाही."

साहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. वरच्यांना न विचारताच पाच मिनिटांत पत्र टाइप झालं. 'यांत्रिकीकरणामुळे पद रद्द झाल्याने सेवामुक्त', वर शिक्का, खाली सही.

त्या फोनांत असं होतं तरी काय, ते आम्ही तिला शंभरदा विचारलंय. ती म्हणते, "मला काय माहीत? मी ऐकलंच नाही," आणि गालातल्या गालात हसते.

त्या संध्याकाळी तिने ते पत्र काकांपुढे ठेवलं. काका पावाच्या कारखान्यात भट्टीवर काम करतात, पहाटे जातात, बोलतात कमी. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. हौसेने नोकरी सोडणारं माणूस भेट मिळालेलं घड्याळ भिंतीला लावतं. तू पलंगाखाली सारलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं छान सांगत होतीस," काका म्हणाले. "मध्ये तोडावंसं वाटलं नाही."

मावशी आधी चिडली, मग रडली, मग तिने काकांना जेवायला वाढलं. नणंदेला मात्र तिने स्वतः जाऊन सांगितलं. नणंद म्हणाली, "अगं, मला तर कधीचंच कळलं होतं." हे खोटं होतं, पण मावशीने त्या दिवशी ते चालवून घेतलं.

फॉर्म पास झाला. आधी चाचणी झाली. भाषेत मावशी पैकीच्या पैकी, गणितात दशांश अपूर्णांकापाशी गाडी रुतली. केंद्राने तीन आठवड्यांचा उजळणीचा वर्ग लावून दिला, तोही फुकट. मग समुपदेशकबाईने कोर्सेसची यादी समोर ठेवली. नणंदेने घरून पढवून पाठवलं होतं, कॉम्प्युटरचंच घे, बसून काम असतं.

"कॉम्प्युटरचं घेतलंत तर रांग लांब आहे आणि इथे त्यातल्या नोकऱ्या कमी," समुपदेशकबाई म्हणाली. "पंप आणि मोटर दुरुस्तीला माणसं मिळत नाहीत. एकदा वर्कशॉप तरी बघून या."

मावशी केवळ तिचं मन मोडू नये म्हणून गेली. ग्रीसचा वास, बाकांवर उघडलेल्या मोटरी, अकरा पुरुष आणि एक मिशाळ मास्तर. मास्तरांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पाहुण्यांना दाखवतात तशी एक मोटर चालू करून दाखवली.

"आत काहीतरी घासतंय हिच्या," मावशी म्हणाली.

"नवीन आहे ती, बाई."

"असेल. पण घासतंय. एका बाजूलाच."

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला, मोटर बंद केली, उघडली. एका बाजूचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. मग ते हजेरीपुस्तकात बारावं नाव कुठे लिहायचं ते बघू लागले. आयुष्यभर बारीकसारीक आवाज पारखत बसलेल्या कानांना शेवटी असं गिऱ्हाईक भेटलं.

याचा अर्थ तिला सगळं पटकन जमलं असा नाही. तसं मी लिहिलं तर मास्तर मला भेटायला येतील. कोर्सची फी, बसचा पास, हत्यारांची पिशवी आणि जाड बूट, सगळं योजनेतून मिळालं. बूट मात्र पुरुषी मापाचे, सगळ्यांत लहान जोडही तिला मोठा. दोन-दोन मोजे घालून ती चालायची तेव्हा वर्कशॉपला कोण येतंय ते लांबूनच कळायचं. दुसऱ्या महिन्यात तिने एका मोटरीच्या तारा उलटसुलट जोडल्या आणि सगळ्या वर्कशॉपचे दिवे घालवले. अंधारात मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, तेवीस वर्षं तुम्ही काय जोडत होता?"

त्या दिवशी तिने घरी येऊन बूट कोपऱ्यात फेकले आणि उद्यापासून जाणार नाही म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "बरं." तिने पुन्हा विचारलं, "नाही गेले तर चालेल ना?" काका म्हणाले, "बरं." असल्या माणसाशी भांडता तरी कसं येणार? सकाळी ती मुकाट्याने बस पकडून गेली.

शेवटी मुलाखतीचा सराव झाला. समुपदेशकबाई मालक झाली. "तुमच्यातला एक दोष सांगा," तिने विचारलं. मावशी म्हणाली, "एकच? मग नणंदेला विचारून सांगते." समुपदेशकबाईने असं बोलायचं नसतं म्हणून समजावलं. मावशीने वहीत लिहून घेतलं आणि खऱ्या मुलाखतीत तरीही तेच सांगितलं.

ती खरी मुलाखत एका पंपदुरुस्तीच्या दुकानात झाली. पहिले सहा महिने निम्मा पगार योजनेतून मिळणार, तेवढ्यात मालकाने माणूस पारखून घ्यायचा, असा करार होता. मालक तिला बघून कचरला. "बाई, टाकीवर चढावं लागतं. जड सामान असतं."

"चढेन. जड सामान तुम्ही एकट्याने उचलता का?"

"नाही, दोघं लागतात."

"मग मीही त्या दोघांतली एक."

निम्मा पगार सरकारच देतंय, बघू तरी, अशा बेताने त्याने तिला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात एका दवाखान्याच्या धुलाईखान्यातला पंप बंद पडला. मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. मालकाने ती खोलायची तयारी केली. मावशी म्हणाली, "थांबा, आधी कपॅसिटर बदलून बघू. मोटरीला पहिला धक्का तोच देतो." बदलला. पंप सुरू झाला. दिवसभराचं काम वीस मिनिटांत उरकलं आणि चादरी वेळेवर धुतल्या गेल्या. मालकाने त्या दिवशी तिला 'अहो बाई'वरून 'ताई'वर आणलं. सहा महिन्यांनी त्याने पूर्ण पगारावर ठेवलं. सुरुवातीला तो बोर्डावरच्या पगारापेक्षा कमीच होता. तिसऱ्या वर्षी बरोबरीला आला.

आता पाचवं वर्ष चालू आहे. गुडघे कुरकुरतात, नखांतलं ग्रीस जात नाही, आणि टाकीच्या शिड्या बनवणाऱ्यांना एकदा वर चढवायला हवं असं तिचं ठाम मत आहे. नणंद आता ओळखीपाळखीत जिची-जिची नोकरी जाते तिला केंद्रात घेऊन जाते आणि खिडकीपाशी पोचायच्या आधीच कोपराने ढोसून बजावते, "काढलं म्हणून सांग हं, लाजू नकोस."

मागच्या रविवारी मी मावशीकडे गेलो तर ती भरदुपारी गाढ झोपलेली. सकाळी एका शाळेचा पंप उघडून आली होती. काकांनी तोंडावर बोट ठेवलं.

"उठवू नकोस," ते हळूच म्हणाले. "उठली की पंपाचं सगळं पहिल्यापासून सांगेल. आपण आधी जेवून घेऊ."