मुळांचं दुसरं पाणी

माझी मावशी वीस वर्षं मुळं धुते आहे. पिकांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात, हरितगृहाच्या मागच्या लांबट खोलीत ती सकाळी नऊला अ‍ॅप्रन बांधून उभी राहते. तिथे सगळेच तिला मावशी म्हणतात. खरी भाची मी एकटीच, पण त्या खोलीत मला त्याचा काडीचाही फायदा नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला दारातच थांबवलं होतं. म्हणाली, "चपला बाहेर, आणि कशाला हात लावू नकोस."

गेल्या वर्षी तिच्याकडे गव्हाची मुळं होती. मातीत जस्त कमी असलं की गहू पिवळट आणि खुजा राहतो. म्हणून तिथले सर जस्ताचे नॅनोकण पाण्यात मिसळून रोपांना देऊन पाहत होते. केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा हा कण. काही कुंड्यांना कमी मात्रा, काहींना मध्यम, काहींना जास्त. रोप त्यातलं किती घेतं आणि घेतल्यावर त्याचं काय होतं, एवढंच पाहायचं होतं. सहा आठवड्यांनी रोप उपटायचं, मूळ आणि पानं वेगळी करायची, धुऊन, वाळवून, दळून यंत्रात मोजायची.

यात धुण्याला फार महत्त्व. कण मुळाच्या आत गेलाय की बाहेरून नुसता चिकटलाय, हे यंत्राला कळत नाही. त्याच्या पोटात जे पडेल ते सगळं ते मोजतं. म्हणून मुळांना तीन पाणी. पहिल्यात माती जाते. दुसऱ्यात बाहेर चिकटलेला धातू सोडवणारं औषध असतं, त्यात मूळ दहा मिनिटं हलवत राहायचं. तिसरं शुद्ध पाणी, औषध जाण्यासाठी. आणि एकही तंतू तुटू द्यायचा नाही, हा मावशीचा स्वतःचा नियम. तिच्या हातून तुटतही नसे.

जास्त मात्रेची मुळं मात्र तिच्या हाती आली ती वेगळीच. आखूड, तपकिरी, काडीसारखी ठिसूळ. दुसऱ्या पाण्यात पहिलं मूळ घातलं तर दोन मिनिटांत त्याची टोकं सुटून वर तरंगायला लागली. मावशीने ते घाईघाईने बाहेर काढलं. मग त्या मात्रेची उरलेली सातही मुळं तिने पहिल्या पाण्यातून थेट तिसऱ्यात नेली, अगदी हळुवार. तक्त्यात तीन पाण्यांचे तीन चौकोन होते. हात सवयीने चालला आणि तिन्हींत बरोबरची खूण झाली.

तीन आठवड्यांनी सर हातात कागद घेऊन स्वतः तिच्या खोलीत आले.

"मावशी, जास्त मात्रेच्या मुळांत मध्यमच्या चौपट जस्त सापडलंय!"

"आणि पानांत?"

"पानांत कमी आहे. म्हणजे मूळ साठवून ठेवतंय, दाणा भरताना वर देईल. पुढच्या हंगामात हीच मात्रा बारा शेतकऱ्यांच्या शेतात देऊन बघू. शुक्रवारी त्यांना पत्रं जातील."

मावशी "बरं" म्हणाली. सर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण रिकामा टब पुसत बसलोय. साठवणीचं मूळ जाडजूड असायला हवं, ही तर मोडत होती. ते चौपट जस्त मुळाच्या आत नव्हतंच, बाहेर थापलेलं होतं. ते काढायचं काम तिचं होतं आणि तिने ते केलं नव्हतं. आता तीच मात्रा बारा शेतांत जाणार होती.

घरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करताना तिने काकांना सांगितलं. काका निवृत्त टायपिस्ट, चुका शोधण्यात जन्म गेलेला.

"मोडत होती हो बिचारी. दया आली."

"वीस वर्षांत एकदा दया आली, तीही गव्हाला! इथे मी कधीचा रांगेत उभा आहे."

"चेष्टा करू नका. खोटी खूण केलीय मी. कामावरून काढतील."

"मग बोलू नकोस. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

काका थोडा वेळ उशीच्या अभ्र्याचे कोपरे जुळवत राहिले. मग म्हणाले, "मग सकाळीच सांग. जेवण झाल्यावर साहेबलोक काही ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती सरांच्या टेबलासमोर उभी होती.

"जास्त मात्रेच्या मुळांना मी दुसरं पाणी दिलेलं नाही."

सरांनी तक्ता काढला. "इथे तर खूण आहे."

"खूण मीच केलीय. खोटी आहे ती."

"अहो, पण का?"

"मोडत होती, सर. मला वाटलं, मोडली तर तुमचा निकाल बिघडेल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मावशी, मोडत होती हाच तर निकाल होता."

मावशीने अ‍ॅप्रनची गाठ आवळली. ती म्हणाली, "त्याच मात्रेच्या राखीव कुंड्या आहेत अजून. आज धुते."

पत्रं थांबली. सर स्वतः घड्याळ घेऊन टबाशेजारी उभे राहिले. मुळं मोडली. मावशीने ती मोडू दिली, आणि खाली बारीक जाळीची चाळणी धरून एकेक तुकडा चिमट्याने उचलला. टोकं, केसांएवढे तंतू, सगळं. पाठ भरून आली तरी ती बसली नाही.

या वेळी जास्त मात्रेच्या मुळांत जस्त मध्यमपेक्षाही कमी निघालं. कणांचे पुंजके मुळांवर बसून राहिले होते. मूळ त्यांच्याखाली खुरटलं आणि एरवी आत घेता आलं असतं तेवढंही घेईनासं झालं. मध्यम मात्रेतलं जस्त मात्र मुळात गेलं होतं, तिथून पानांत पोचलं होतं, आणि पानं हिरवी होती.

पत्रं दोन आठवडे उशिरा गेली, मध्यम मात्रेची. मावशीला कामावरून काढलं नाही, पण लेखी समज मिळाली, आणि वर्षभर तिच्या प्रत्येक तक्त्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल असं ठरलं. वीस वर्षांनंतर हे तिला लागलं. मला म्हणाली, "लागलं म्हणून चुकीचं थोडंच आहे?" आणि विषय संपवला.

सरांनी तक्ता बदलला. तीन चौकोनांच्या पुढे आता एक रुंद रकाना आहे, 'मुळांची अवस्था'. तो शब्दांत भरायचा, तिथे खूण चालत नाही. त्यात पहिली ओळ मावशीच्या अक्षरात आहे, खाली दोन सह्या आहेत: 'आखूड, तपकिरी, ठिसूळ. दुसऱ्या पाण्यात मोडली. तुकडे सोबत.'