सखूच्या गोळीला लावलेला कौल

रत्नागिरीकडच्या पालीजवळच्या एका वाडीत प्रेमलाची शिसारी प्रसिद्ध होती. न धुतलेल्या हाताने कुणी हंड्यात तांब्या बुडवला, तर ती अख्खा हंडा ओतून पुन्हा विहिरीवर जाई. नवरा महिपत मुंबईला गोदीत. घरात थोरले दीर रावजी आणि सात वर्षांची लेक सखू.

सखू वाढतच नव्हती. पाच वर्षांच्या पोरांत खपून जायची आणि बसल्याजागी पेंगायची. कातडी खरखरीत, पोट कायम जड. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मंद आहे. १९८६ साली महिपत गणपतीला आला, तेव्हा प्रेमलाने हट्ट धरून पोरीला रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासायला मुंबईला गेलं. थायरॉइडच्या तपासणीत एक हार्मोन फार वाढलेलं निघालं. बाईंनी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी द्यायला सांगितली. का, तेही सांगितलं. पण सखू रडत होती, बाहेर गर्दी होती, आणि प्रेमलाच्या डोक्यात गोळी चुकवायची नाही एवढंच राहिलं.

गोळ्या सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत पोर आपणहून भाकरी मागू लागली.

रावजी पूर्वी मुंबईत औषधांच्या गोदामात हमाल होते, म्हणून वाडी त्यांना निम्मा डॉक्टर मानी. त्यांनी रिपोर्ट ओसरीवर उलगडला आणि चुन्याचं बोट आकड्याखाली ओढलं.

"जास्त हाय," ते म्हणाले. "आमटी खारट झाली तर वर आनखी मीठ कोण घालतं गो?"

जमलेल्या बायकांना हे पटलं. हार्मोन म्हणजे बाईपणाचं काहीतरी, असं त्यांच्यातल्या गंगुबाईने कुठेतरी ऐकलं होतं. हिचं लग्न काही जमायचं नाही, असं तिने पोरीच्या तोंडावर सांगून टाकलं. ती पाणी प्यायलेला तांब्या प्रेमलाने राखेने घासून काढला.

रावजींनी देवळात कौल लावला. गुरवाने पाषाणाला तांदळाचे ओले दाणे चिकटवले. रावजींनी गाऱ्हाणं घातलं: पोरीच्या रक्तात जास्त झालंय, त्यात गोळीने भर पडत असेल तर उजवा दे. उजवा दाणा पडला. कौल प्रेमलाही मानत होती. गोळ्या बंद झाल्या.

महिन्याभरात सखू परत पेंगू लागली. भाकरी तशीच ताटात राही. मग मात्र प्रेमलाने कुणाला न विचारता एस.टी. धरली.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी सावकाश सांगितलं. डोक्यातली ग्रंथी गळ्यातल्या ग्रंथीला हाका मारते. गळ्यातली ओ देत नाही, म्हणून ती आणखी मोठ्याने मारते. वाढलेला आकडा त्या हाकांचा. पोरीला हवं ते कमीच आहे; गोळी तेच भरून काढते.

"म्हंजे आमी देवाला इचारलं तेच चूक," प्रेमला म्हणाली. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी तिने ओसरीवरच सखूला गोळी दिली. देवाचा कौल मोडतेस, रावजी ओरडले. थोरल्या दिराशी ती आजवर समोरून बोलली नव्हती.

"कौल नाय मोडला, भावोजी. तुमी देवाला चुकीचं इचारलंत. त्यो काय करील?"

शिमग्याच्या सुमारास दुसरी तपासणी झाली. आकडा खाली आला होता. सखू पोरांच्या मागे शेताच्या बांधावरून धावत होती. रावजींनी रिपोर्ट वाचला, अंगणात पचकन थुंकले आणि मान हलवली.

"बघ. गोळ्यांनी पार उतरवलं. पोरीतला जोरच काढून घेतला."

प्रेमलाने त्या थुंकीवर माती ओढली. या माणसाला समजावणं म्हणजे गटारात हात घालणं, असं तिला वाटलं. उद्या हा पुन्हा देवळात जाईल, पुन्हा असंच काहीतरी विचारील.

त्याच आठवड्यात तिने मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली आणि गोळ्यांची बाटली तिकडे नेली. महिपतने मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर विचारणा केली, भांडण कशावरून झालं. तिने त्याच माणसाबरोबर उलट निरोप धाडला: भांडण नाही, किळस आली.